सर्टिफिकेट सोडा, आपण नसलो तर कुणाचं अडतं ते बघा

जून लागला की आमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर दोन विषय ठरलेले. पहिला, रिक्षावाल्या काकांनी वाढवलेले पैसे, आणि दुसरा, "यंदा पोरांना अजून कशात घालायचं". यावेळी एका ताईंनी पोस्टर फॉरवर्ड केलं, विद्यार्थ्यांसाठी समाजसेवा इंटर्नशिप, शनिवार-रविवार दोन दिवस, सर्टिफिकेट, मेडल, वर शिफारसपत्र, फी चार आकडी. म्हणजे समाजाची सेवा आपण करायची आणि पैसेही आपणच मोजायचे, वा! पण खाली धडाधड अंगठे पडले, "लिंक पाठवा ना", "८वीला चालेल का", "प्रोफाइलला बरं पडेल". मी गप्प बसले, सकाळच्या डब्यांच्या गडबडीत कोण वाद घालणार. पण नंतर दोघी-तिघींनी पर्सनलवर विचारलं, तुझ्या लेकीचं काहीतरी चालू असतं ना गं, काय काय करते ती, तर म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू, पुढच्या वेळी कुणी विचारलं की लिंक पाठवली की झालं.

आधी माझं मत सांगते, पटलं तर पुढे वाचा. ८वी, ९वी, १०वीतल्या पोरांनी शाळेत नाहीतर एरियात कशात तरी पडायला पाहिजे, याबद्दल वादच नाही. पण ते निवडताना सर्टिफिकेटचं सगळ्यात शेवटी बघायचं. पहिलं बघायचं ते हे की आपण एक दिवस दांडी मारली तर तिथे कुणाचं काही अडतं का. अडत असेल तर काम खरं. नसेल अडत तर ती पिकनिक. पिकनिक वाईट असं नाही, जावं की, पण मग तिला पिकनिक म्हणावं.

आमच्या घरी हे डोक्यात बसलं ते लेक लेखनिक झाली तेव्हा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ज्या मुलांना दिसत नाही किंवा हाताने लिहिता येत नाही, ती बोर्डाच्या परीक्षेला उत्तरं तोंडी सांगतात आणि शेजारी बसलेला दुसरा विद्यार्थी ती लिहितो, तो लेखनिक. आणि हा लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला लागतो, १०वीचा पेपर असेल तर ९वीतला किंवा त्याच्याही खालचा. लिहिणाऱ्याला उत्तरं येता कामा नयेत म्हणून. त्यामुळे होतं काय, की तुमच्याकडे कितीही वेळ असो, तुम्ही डबल ग्रॅज्युएट असा नाहीतर रिटायर्ड हेडमास्तर, या कामाला तुम्ही चालतच नाही, ९वीतलंच पोर पाहिजे. मुंबईत ९वीच्या मुलांसाठी याच्याइतकं हक्काचं काम दुसरं कुठलं असेल असं मला वाटत नाही. आणि गरज केवढी असते! परीक्षा जवळ यायला लागली की शाळा, संस्था, आईबाप सगळे लेखनिक शोधत फिरत असतात आणि बऱ्याच घरांतून उत्तर येतं, "नको हो, तिच्या स्वतःच्या अभ्यासाचं काय".

आम्हाला ओळखीच्या एका बाईंनी विचारलं. मुलगी १०वीची, म्हणजे आमच्या लेकीसाठी ताईच, दादरला शाळा, मराठी माध्यम. अट एवढीच, अक्षर वाचता येण्यासारखं हवं आणि वेळ पाळणारी हवी. अक्षराचा प्रश्न नव्हता, वेळेबद्दल मी जरा खोकले, पण लेकच म्हणाली जाते म्हणून. मग कागदपत्रं, शाळेचं पत्र, फोटो, हेडमास्तरांची सही-शिक्का, बोर्डाची परवानगी, ते सगळं त्या ताईच्या शाळेने केलं, आम्हाला फक्त आमच्या शाळेतून पत्र आणायचं होतं. आणि हो, परीक्षेच्या आधी दोघींनी एकत्र बसून सराव करणं फार गरजेचं असतं, हे त्या बाईंनी आधीच बजावलं होतं, म्हणून शनिवारी दुपारी लेक दादरला जायला लागली. मुलुंडवरून लोकल थेट दादरला, त्यामुळे प्रवासाचा तसा त्रास नाही, पहिल्या वेळी मी गेले सोबत, नंतर ती आणि तिची मैत्रीण.

त्या पहिल्या शनिवारी मी कोपऱ्यात बसून बघत होते. ताई आधी अख्खं उत्तर भरभर मनातल्या मनात पुटपुटते, मग "घे" म्हणते आणि सांगायला सुरुवात करते. "नवीन परिच्छेद. थोडं आत घे. मुद्दा पहिला, खाली रेघ." आमची लेक सुरुवातीला मागे पडायची, मग ताई पेनाचा आवाज ऐकून थांबायची. खरंच, पेन कागदावर चालायचं थांबलं की पुढचं वाक्य. जोड्या लावा आल्या तर दोन्ही रांगा दोनदा वाचून दाखवायच्या, ताई सगळं डोक्यात मांडून ठेवते आणि मग "पहिल्याला तिसरा, दुसऱ्याला पहिला" असं सरळ सांगून मोकळी. मला स्वतःला त्या जोड्या समोर कागद असताना जमल्या नसत्या. पण कठीण काम लिहिण्याचं नव्हतंच, कठीण होतं ते गप्प बसण्याचं. सरावाच्या पेपरात ताईने एका प्रश्नाला चुकीचं साल सांगितलं आणि आमच्या बाईसाहेबांना ते बरोबर माहीत होतं, टीव्हीवर बघितलेलं. हात थांबला. ताई म्हणाली, "काय झालं? लिही की." हिने मुकाट्याने चुकीचं साल लिहिलं. ट्रेनमध्ये माझ्यावर चिडली, आई मला येत होतं गं, मला येत होतं. मी म्हटलं, म्हणूनच तर खालच्या वर्गातलं पोर घेतात, तुला यायलाच नको होतं.

मार्चमध्ये पेपर. वेगळी खोली, एक पर्यवेक्षक आणि या दोघी. अशा मुलांना दर तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास, आणि लिहिणारीला चारही तास लिहायचंय, सांगणारीला निदान हाताला आराम. एकदा सकाळी लेकीला ताप होता. शंभरच्या वर. एरवी शिंक आली तरी शाळेला सुट्टी मारणारी मुलगी, क्रोसिन घेतली आणि निघाली, मी नको म्हणत असताना. कारण साधं, ही नाही गेली तर तिकडे पेपर कोण लिहिणार. पर्यायी लेखनिक शोधता येतो, तशी सोय करतात, पण ऐन वेळी सकाळी नऊ वाजता नवीन मुलगी आणणार कुठून, आणि आणली तरी तिला पेनाच्या आवाजाचं गणित थोडंच माहीत असणार. मी तर म्हणते बापाने आणि मी मिळून दहा वर्षं लेक्चर दिलं असतं तरी वेळेचं महत्त्व तिच्या टाळक्यात शिरलं नसतं.

सर्टिफिकेट मिळालं का? त्या शाळेने एक आभाराचं पत्र दिलं. कुठल्या तरी फाईलला आहे.

बरं, सगळ्यांनीच लेखनिक व्हावं असं नाही. काहींचं अक्षर असं असतं की निकाल लागायचा त्या ताईचा. तर बाकीचं.

शाळेतलंच आधी बघा ना! आपल्या शाळांमध्ये जे वर्षानुवर्षं चालत आलंय त्याच्याकडे पालक हल्ली ढुंकून बघत नाहीत आणि बाहेर पैसे देऊन तेच शोधतात. आर.एस.पी. घ्या, रोड सेफ्टी पेट्रोल, आमच्या वेळी शाळा सुटताना ती पोरं शिट्टी वाजवून हात आडवा करायची आणि बेस्टची बस थांबायची, १४ वर्षांच्या पोरासाठी बस थांबते म्हणजे काय रुबाब! आणि तिथेही तेच, सुटायच्या वेळी तो पोरगा फाटकावर नसला तर पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली रस्त्यात. स्काऊट-गाईड आहे, त्यातलं खरी कमाई नावाचं प्रकरण मला फार आवडतं, मुलांनी भेळ विकायची, राख्या बनवून विकायच्या, शेजाऱ्यांची गाडी धुवायची आणि स्वतः पैसे कमवून आणायचे. हल्ली मात्र मी बघते, आई घरून पन्नास रुपये देते आणि ते "कमवले" म्हणून जमा होतात. मग ती आईची कमाई झाली की! आणि बिनभांड्याचा स्वयंपाक, पातेलं-तवा काही न वापरता बटाटे-वांगी भाजायची, अंडं संत्र्याच्या सालीत शिजवायचं, ते शिकलेला माणूस आयुष्यात कुठेही अडत नाही. एन.सी.सी. सगळ्या शाळांत नसतं, जिथे आहे तिथे ८वी-९वीला घेतात आणि दोन वर्षांनी ए सर्टिफिकेटची परीक्षा, परेडचा कंटाळा नसेल तर जरूर घाला.

शालेय मंत्रिमंडळ हा प्रकार शाळेवर आहे. काही ठिकाणी मतदान होतं, चिठ्ठ्या, प्रचार, मुख्यमंत्री, क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री आणि मग वर्षभर बिल्ला लावून फिरायचं, काम काहीच नाही. पण एका शाळेत मी स्वच्छतामंत्र्याला खरंच काम दिलेलं पाहिलंय, मुलींच्या टॉयलेटची कडी तुटलीय का, नळाला पाणी आहे का, डस्टबिन आहे का, रोज मधल्या सुट्टीत बघायचं आणि ऑफिसातल्या वहीत लिहायचं, शेजारी हेडमास्तरांची सही. वही असल्यामुळे कडी बसली. नुसतं तोंडी सांगून बसली नसती हे तुम्हाला मला दोघांनाही माहितीय.

आणि लायब्ररी. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी सगळी शाळा मैदानात पुस्तक उघडून बसते, फोटो निघतात, आणि १६ तारखेला कपाटाला परत कुलूप. त्या कपाटाची किल्ली सांभाळायला ९वीतली दोन पोरं बसवा, बुधवार आणि शुक्रवार मधली सुट्टी, देवघेवीची वही ठेवा, फाटलेली पुस्तकं चिकटवायची, कव्हरं घालायची. आमच्या लेकीच्या शाळेत हे चालू आहे, मला सगळ्यात गंमत वाटते ती ५वीतल्या पोरांची, बुधवारी किल्लीवाली ताई आली नाही तर वर्गाबाहेर येऊन उभी राहतात. ज्यांना याच्यापेक्षा जास्त रस आहे त्यांनी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात एकदा पोरांना घेऊन जा, १८९८ सालची संस्था आहे, तिथली जुनी पुस्तकं बघितली की पुस्तक जपणं म्हणजे काय ते कळतं. हस्तलिखित काढा म्हणावं, तेही बंद पडत चाललंय. मोबाईलवर पीडीएफ करून पाठवतात आता, त्याला हस्तलिखित कसं म्हणायचं.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेबद्दल पण लिहायचंय कारण तिथे पालक फारच वेडे होतात. ६वी आणि ९वीला असते, आधी लेखी, मग प्रात्यक्षिक आणि पुढच्या टप्प्याला कृती प्रकल्प नि मुलाखत. तो कृती प्रकल्प म्हणजे खरं तर सोन्यासारखी संधी, आपल्याच एरियातला एखादा प्रश्न धरायचा, मोजायचा, काहीतरी करायचं आणि लिहायचं. पण अर्ध्या ठिकाणी तो क्लासवाले लिहितात आणि पोरगं पाठ करतं. आमच्या ओळखीतल्या एका पोराने मात्र बिल्डिंगच्या टाकीचा ओव्हरफ्लो धरला होता, सकाळी बादली आणि घड्याळ घेऊन गच्चीवर, मिनिटाला किती पाणी जातं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आकडा सांगितला तेव्हा सेक्रेटरी काकांना तोंड लपवायला जागा नव्हती. फ्लोट व्हॉल्व्ह आठवड्यात बदलला. मेडल नाही मिळालं त्याला, पण पाणी वाचलं. जलसुरक्षा नावाचा विषय तर बोर्डाने ९वी-१०वीला आणलाच आहे, श्रेणीचा, त्यातले उपक्रम पण बहुतेक गाईडमधून उतरवले जातात, ते असंच गच्चीवर जाऊन करता येतील.

आता शाळेबाहेरचं. सगळ्यात जवळचं, फुकटचं आणि कुणाच्या लक्षात न येणारं म्हणजे आपल्याच बिल्डिंगमधले आजी-आजोबा. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, बँकेत जाऊन रांगेत उभं राहा नाहीतर मोबाईलवर जीवन प्रमाण, आधारवरून चेहरा दाखवून होतं ते. आमच्या तळमजल्यावरचे आजोबा गिरणीच्या भागातले, मोबाईल म्हणजे फोन घ्यायचा आणि ठेवायचा. लेक आणि तिची मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे बसल्या, ॲप सांगतं डोळे मिचकवा, आजोबा दोन्ही डोळे गच्च मिटून बसले, फोटो फेल. परत. मग चष्मा काढा, मग उजेड कमी, मग खिडकीजवळ खुर्ची नेली, आजी मागून "अहो एकदाच मिचकवा, झोपू नका" म्हणून ओरडतायत. झालं एकदाचं आणि दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगमधल्या बाकीच्या पेन्शनवाल्यांचे निरोप यायला लागले. आता दर नोव्हेंबरचा एक रविवार त्यांचाच.

इथे एक सांगून ठेवते, पोरांना पक्कं शिकवून पाठवा की कुणाचाही पिन विचारायचा नाही, सांगितला तरी ऐकायचा नाही, ओटीपी आजोबांनी स्वतः टाकायचा, आणि घरातलं दुसरं कुणीतरी मोठं माणूस समोर असेल तेव्हाच बसायचं. उद्या काही पैशाचं झालं तर नाव पोराचं येईल.

गणपती मंडळाचं लिहिलं नाही तर मला मुंबईकर म्हणणार नाही कुणी. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ ला सार्वजनिक गणपती बसला तेव्हापासून मुंबईतल्या पोरांचं सगळ्यात मोठं ट्रेनिंग सेंटर मंडळच आहे, मॅनेजमेंटचे कोर्स नंतर आले. लोक मंडळ म्हटलं की डीजे आणि ट्रॅफिक एवढंच बोलतात, चुकीचं नाही ते, डीजेचा त्रास मलाही होतो, पण मंडळात एक वर्गणीचं पावतीपुस्तक असतं ते ९वी-१०वीच्या पोराच्या हातात द्या आणि गंमत बघा. प्रत्येक दारात वेगळा माणूस. एक काका मागच्या वर्षीचा हिशोब दाखव म्हणतात, एक मावशी चहा पाजते पण पैसे उद्या, एक दार उघडतच नाही पण आतून टीव्हीचा आवाज येतो. रात्री परत येऊन पावतीची स्थळप्रत आणि पैसे जुळवायचे, वीस रुपये कमी आले तर कुठे कमी आले ते शोधायचं, तोपर्यंत घरी जायचं नाही. मंडळाचा जमाखर्च बोर्डावर लागतो तेव्हा ते पोर चार वेळा तिथून चालत जातं. विसर्जनाच्या दिवशी कृत्रिम तलावाजवळ निर्माल्य वेगळं करायला उभं राहणं हे दुसरं काम, हारातली फुलं एकीकडे, दोरा, प्लॅस्टिक, जरी, थर्माकोल दुसरीकडे. लोक अख्खी पिशवी गाठ मारून फेकतात, ती उघडून बघायची हिंमत लागते हो, आत काय काय निघतं सांगत नाही. दहीहंडीला मात्र माझा विरोध आहे, १४ वर्षांखालच्या मुलांना थरात चढवायला बंदी आहे आणि १५ वर्षांचं झालं म्हणून हाडं काही पोलादाची होत नाहीत. पाणी वाटा, प्रथमोपचाराच्या टेबलावर बसा, चढू नका.

रक्तदान शिबिराचं पोरं नेहमी विचारतात. रक्त देता येत नाही, १८ वर्षं पूर्ण लागतात. पण फॉर्म भरून घेणं, रांग लावणं, देऊन झालेल्या माणसाला चहा-बिस्किट देऊन दहा मिनिटं बसवून ठेवणं (उठून पळायला बघतात सगळे), हे पोरांना मस्त जमतं. मे महिन्यात अख्खी मुंबई गावाला गेलेली असते तेव्हा रक्ताचा तुटवडा असतो, तेव्हा शिबिरं लावली तर फोन करून माणसं गोळा करायचं कामही असतं. आमच्या लहानपणी पल्स पोलिओ होतं, १९९५ नंतरची ती वर्षं, रविवारी सकाळी आम्ही शाळेची पोरं चाळीत दारोदार ओरडत जायचो, "पाच वर्षांखालचं बाळ आहे का", आणि बूथवर त्या बाळांच्या करंगळीला मार्करची खूण करायचं काम मिळालं की काय मिरवायचो. २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते की यात माझा पण वाटा आहे, कुणी मनावर घेतलं नाही ते सोडा.

बीच क्लीनअपवर थोडं. वर्सोव्याला ॲडव्होकेट अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सुरू केलं, आधी ते आणि एक शेजारी, मग शेकडो लोक, आणि २०१८ ला तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली, हे सगळ्यांना माहितीय. पण पोरांना त्यातलं फक्त कासव आठवतं, शनिवार-रविवारी सतत जात राहिले ते नाही आठवत. शाळांच्या सहली येतात, हातमोजे, बॅनर, फोटो, तासाभराने वडापाव, आणि वडापावचा कागद तिथेच. माझं म्हणणं, जायचं असेल तर जवळचा किनारा, नदी, तलाव काय असेल ते धरा आणि महिन्यातला एक रविवार वर्षभर जा. जमत नसेल तर घरात ओला-सुका कचरा वेगळा करा आणि मजल्यावरच्या चार घरांना करायला लावा. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये नव्वदच्या दशकात रहिवाशांनी गल्लीपासूनच सुरुवात केली होती, तिथूनच पुढे पालिकेची एएलएम योजना आली, म्हणजे रहिवाशांनी पालिकेच्या सोबतीने आपल्याच गल्लीची काळजी घ्यायची. चार घरांना तयार करणं समुद्र साफ करण्यापेक्षा अवघड आहे, करून बघा, समोरच्या काकू तुम्हाला काय ऐकवतील.

अजून एक, जे मला या सगळ्या पोस्टरबाजीत खटकतं. माझ्या भाच्याच्या वर्गात एक मुलगा आहे, पहाटे पेपर टाकतो, मग शाळा, संध्याकाळी आईच्या भाजीच्या गाडीवर. शाळेच्या फॉर्ममध्ये "सामाजिक उपक्रमात सहभाग" असा रकाना होता, त्याने रेघ मारली. अरे, चाळीतल्या अर्ध्या लोकांचे फॉर्म तो भरून देतो, लहान बहिणीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना रोज अभ्यासाला बसवतो, पाणी येतं त्या वेळेला वरच्या म्हाताऱ्या बाईंच्या दोन कळश्या भरतो. हा नाही गेला तर त्या बाई दिवसभर पाण्याशिवाय. रकान्यात जागा कमी पडायला पाहिजे होती. भाच्याने म्हणे त्याला लिहायला लावलं शेवटी, पण तो लाजत होता. वर्गशिक्षकांनीच विचारायला पाहिजे असं मला वाटतं, रकाने ठेवण्यापेक्षा.

प्रॅक्टिकल गोष्टी पटापट सांगते. ठिकाण घरापासून अर्ध्या तासाच्या आत बघा, नाहीतर पावसाळ्यात जुलैतच बंद पडेल. आठवड्याला एक तास पुरे, ड्यूक ऑफ एडिंबराच्या पुरस्काराच्या धर्तीवर जो इंटरनॅशनल अवॉर्ड आपल्याकडे चालतो, १४ वर्षांपासून ब्राँझ म्हणजे त्याची पहिली पायरी, त्यातही साधारण आठवड्याला तासाभराचीच अपेक्षा असते आणि महिनोन्‌महिने सलग करावं लागतं. पैसे मागणाऱ्या संस्थेला नाही म्हणा. मुलीला एकटी पाठवू नका आणि मुलालाही नको, जोडीने पाठवा, पहिल्या दिवशी स्वतः जाऊन जागा बघा, तिथे जबाबदार माणूस कोण आहे त्याचा नंबर घ्या. सहामाही-वार्षिकला सुट्टी घेणार हे आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी गायब होऊ नका. क्लासवाले कटकट करतील. करू दे.

आणि फोन पोरांनाच करू द्या. हे फार महत्त्वाचं. आपण आया फोन करतो, "माझ्या मुलीला तुमच्याकडे काही करता येईल का", समोरच्याला वाटतं आई आलीय ॲडमिशन घ्यायला. पोराने फोन करावा, नाव, शाळा, इयत्ता, कुठला वार आणि किती वाजता येऊ शकतो एवढं सांगावं, आणि मग विचारावं तुम्हाला कशाची गरज आहे. पहिले दोन फोन अडखळत होतात, तिसरा बरा जातो.

११वीला गेल्यावर एन.एस.एस. म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना असते, १९६९ पासूनचं, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं कॅम्प, त्यावर ज्यांची मोठी मुलं करतात त्यांनी लिहावं, आमची अजून तिथे पोचायचीय.

लेक आता १०वीत आलीय, त्यामुळे १०वीच्या पेपरला तिला लेखनिक म्हणून बसता येत नाही, नियम तो नियम. त्याच दादरच्या शाळेतून यावर्षी परत फोन आला होता, दुसरी एक मुलगी आहे, तिच्यासाठी. लेकीने तिच्या शाळेतली ९वीतली एक मुलगी शोधून दिली आणि शनिवारी तिला घेऊन बसते, हिंदीचा सराव चालू आहे सध्या, जोड्या दोनदा वाच, घाई करू नकोस, उत्तर येत असलं तरी गप्प बस. स्वतःच्या हिंदीचं काय ते आम्ही घटक चाचणीत बघितलंच आहे. ११वीला गेली की १२वीवाल्यांसाठी परत बसणार म्हणते, कॉलेज कुठलं मिळतंय त्यावर आहे सगळं.